सोबत आणि माघार

एकत्र चालल्याने सख्य जडते, ही समजूत आपल्याकडे फार प्राचीन आहे. पाणिनीने आपल्या व्याकरणात ‘साप्तपदीन’ हा शब्द सख्य या अर्थी सिद्ध केला आहे. सात पावले बरोबर टाकली की दोघांचे सख्य झाले, असा त्यातील भाव. विवाहातील सप्तपदीशीही ही कल्पना जवळून निगडित आहे. सात पावलांनी जर सख्य होते, तर ज्यांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकमेकांच्या संगतीने डोंगर तुडविले, पावसात एका घोंगडीखाली रात्री काढल्या आणि एका ताटात पिठलेभाकर खाल्ली, त्यांच्या सख्याची खोली शब्दांनी सांगावयास नको. अशा मित्रांनी मिळून पुन्हा एकदा एखादा अवघड गड चढावा, एखादी बिकट घाटवाट उतरावी किंवा हिमालयात जावे, अशी इच्छा धरणे स्वाभाविक आहे. आणि आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून ही इच्छा आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात फलद्रूपही होत आहे.

या प्रवासांच्या आनंदाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांतून उद्भवणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. तो प्रश्न असा: संकटाची शक्यता ज्यात जाणूनबुजून पत्करलेली असते, अशा प्रवासात जुन्या मित्राचे आपल्या मित्राशी पहिले कर्तव्य कोणते? त्याला शेवटपर्यंत साथ देणे, की वेळ आली असता त्याला थांबविणे? घरी आरामखुर्चीत बसून विचार केला तर ही दोन्ही कर्तव्ये सहज एकत्र नांदतील असे वाटते. परंतु दिवस कलू लागला आहे, शिखर समोर दिसते आहे आणि मित्र पुढे पाऊल टाकतो आहे, अशा वेळी ती एकमेकांच्या विरुद्ध उभी राहतात आणि त्यांपैकी एकच पाळता येते.

आपल्या सुभाषितांनी मित्राची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत संकटकाळी जो पाठ फिरवीत नाही तो मित्र, हे लक्षण मुख्य मानले आहे. हे लक्षण बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ते संकट दैवाने, राजाने किंवा शत्रूने आणलेले असते. दुष्काळ पडला, राजाचा कोप झाला, घरात मृत्यू घडला, की मित्राने धावून जावे. साहसाच्या प्रवासातील संकट असे बाहेरून येत नाही. आपण होऊन त्याच्या दाराशी जातो. म्हणून सुभाषितातील मित्राचे माप येथे जसेच्या तसे लावता येत नाही. जो मित्र आगीत सापडला आहे त्याच्यासाठी आगीत उडी घेणे ही मैत्रीची पराकाष्ठा होय. जो स्वतः होऊन आगीकडे चालला आहे, त्याच्या बरोबरीने मुकाट्याने चालू लागणे याला तेच नाव देता येईल काय?

‘साहस’ या शब्दाचा इतिहासही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. आज हा शब्द आपण बहुधा कौतुकाने वापरतो. परंतु धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे न्यायालयापुढे येणाऱ्या वादांची, जी अठरा पदे मनूने गणली आहेत, त्यांत ‘साहस’ हे एक आहे आणि तेथे त्याचा अर्थ बळजोरीने केलेला अपराध असा होतो. संस्कृत भाषेने शौर्य आणि अविचार ही दोन्ही एकाच शब्दात ठेविली. मराठीतही ‘साहसी पुरुष’ हा गौरव होतो आणि ‘भलते साहस करू नको’ हा निषेध होतो. कोणते साहस पहिल्या जातीचे व कोणते दुसऱ्या, याचा निर्णय शब्दकोशातून मिळत नाही. तो प्रत्यक्ष वाटेवर करावा लागतो, आणि करणारा एकटा असला तर त्याची चूक होण्याचा संभव फार. सोबतीची खरी आवश्यकता येथेच आहे.

आता अशी कल्पना करा की पन्नाशीच्या घरातील चार मित्र हरिश्चंद्रगडावर जावयास निघाले आहेत, आणि तेही नळीच्या वाटेने. कोकणातील बेलपाड्याकडून कोकणकड्याच्या कुशीतून वर चढणारी ही वाट दगडधोंड्यांनी भरलेली असून भक्कम माणसाचीही परीक्षा पाहणारी आहे. हे चौघे महाविद्यालयात असताना याच वाटेने गेले होते. तेव्हा जो सर्वांत पुढे होता, तो आजही पुढे आहे. कारण पुढे असणे ही त्याची ठरलेली जागा. जो विनोद करून सर्वांना हसवीत असे, तो आजही हसवतो आहे. तिसऱ्याचा गुडघा दोन तासांपासून दुखतो आहे. दुपारचे तीन वाजले आहेत, अर्धीही नळी संपलेली नाही आणि दिवस थंडीचे असल्यामुळे अंधार लवकर पडणार आहे. चौघांपैकी प्रत्येकाच्या मनात एकच विचार आहे, आणि चौघांपैकी एकही तो बोलून दाखवीत नाही.

हे मौन कोठून येते? अनोळखी माणसांच्या तुकडीत असे मौन सहसा राहत नाही. कोणीतरी कुरकुर करतो, कोणीतरी भांडतो, पैसे घेऊन बरोबर आलेला वाटाड्या सरळ सांगतो की आता पुढे जाणे शहाणपणाचे नाही. जुन्या मित्रांत मात्र तीन गोष्टी जिभेला आवरतात. पहिली ही की, मित्रांनी आपली जी मूर्ती विसाव्या वर्षी मनात बसविली, ती मोडण्यास आपण तयार नसतो. मित्र हा आपल्या तारुण्याचा साक्षीदार असतो; त्याच्यासमोर म्हातारे होणे जड जाते. दुसरी गोष्ट अशी की, मित्राचा विरस करणे हे आपल्याला स्वतःच्या गुडघ्यापेक्षाही अधिक दुखते. सहा महिने आखलेला बेत, रजा, तिकिटे, त्याचा उत्साह, हे सर्व आपल्या एका शब्दाने मोडेल, ही भीती असते. तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. इतक्या वर्षांच्या सहवासाने आपण एकमेकांचे मन जाणतो असा आपला विश्वास असतो, आणि म्हणून दुसऱ्याचे मौन ही त्याची संमती असे आपण समजतो. अशा रीतीने चार शहाणी माणसे चौघांनाही नको असलेल्या ठिकाणी परस्परांच्या प्रेमाखातर जाऊन पोहोचतात.

यावरून मैत्री ही साहसाच्या प्रवासात धोक्याची वस्तू आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. मैत्रीच्या कोणत्या अंगाने धोका उत्पन्न होतो व कोणत्या अंगाने तो टळतो, हे पाहावयास ज्यांच्या प्रवासाच्या नोंदी चांगल्या राहिल्या आहेत अशा काही माणसांकडे वळले पाहिजे.

इंग्रज गिर्यारोहक एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांची जोडी या बाबतीत प्रसिद्ध आहे. दोघेही पूर्व आफ्रिकेत केनियात मळेवाले म्हणून असताना त्यांची गाठ पडली आणि १९३० साली त्यांनी माउंट केनियाचा पश्चिमेकडील बिकट कणा चढून पार केला. १९३४ साली ते दोघे आंग थारके, पासंग आणि कुसांग या तीन शेर्पांसह गढवालात आले आणि ऋषिगंगेच्या घळीतून वाट काढीत नंदादेवीच्या सभोवतीच्या पर्वतकोटाच्या आत शिरले. तेथवर त्यांच्यापूर्वी कोणाचाही पाय पोहोचल्याची नोंद नव्हती. सामान अत्यंत थोडे. अन्न शेर्पांचे तेच यांचे. शिखर डोळ्यांसमोर उभे होते. दक्षिणेकडील कण्यावर काही उंचीपर्यंत चढून या बाजूने मार्ग निघू शकेल अशी त्यांनी खात्री करून घेतली आणि शिखराचा हव्यास न धरता ते परतले. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, टिलमन आणि नोएल ओडेल हे ७,८१६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर पोहोचले.

या दोघांविषयी शिप्टनने आपल्या आठवणींत सांगितलेली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. महिनेच्या महिने एका तंबूत काढल्यावरही ते एकमेकांना आडनावानेच हाक मारीत. आपण आता एकमेकांना पहिल्या नावाने संबोधावे, असे शिप्टनने सुचविले तेव्हा टिलमन संकोचला आणि त्याने ते मानले नाही. ही गोष्ट इंग्रजांच्या विक्षिप्तपणाचा मासला म्हणून हसण्यावारी नेली जाते. परंतु तिच्यात आपल्या प्रश्नाचे एक अंग दडलेले आहे. या दोघांनी अत्यंत निकट सहवासातही एकमेकांत थोडे अंतर राखले होते. ज्याला आपण पूर्णपणे आपला मानतो त्याला आपण गृहीत धरतो. ज्याच्याविषयी मनात थोडा आदराचा संकोच असतो त्याला आपण विचारतो. आपल्याकडे मित्रामित्रांत ‘अरे-तुरे’ चालते आणि ते गोडही लागते. आडनावाने हाक मारावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘तुला काय विचारावयाचे, तू येणारच’ हे वाक्य जितके प्रेमळ, तितकेच ते समोरच्या माणसाचा नकार आधीच हिरावून घेणारे आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरे उदाहरण दक्षिण ध्रुवाकडील आहे. १९११ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस, म्हणजे तेथील निबिड हिवाळ्यात, स्कॉटच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे एंपरर पेंग्विन पक्ष्यांची अंडी आणावयास केप क्रोझियरकडे निघाले. सुमारे पाच आठवडे ते अंधारात आणि उणे साठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेल्या थंडीत होते. वादळात त्यांचा तंबू उडून गेला. तो नंतर सापडला नसता तर तिघेही परतले नसते. चेरी-गॅरार्डने या मोहिमेवर १९२२ साली लिहिलेला ग्रंथ प्रवासवाङ्मयात अग्रगण्य मानला जातो. त्यात त्याने आवर्जून नोंदविले आहे की या सर्व हालांत तिघांनी एकमेकांशी बोलताना सौजन्याचे साधे शब्दही सोडले नाहीत. तंबू सापडल्यावर बॉवर्सचे मन पुन्हा एकदा पक्ष्यांच्या वसतीकडे जावयास ओढत होते; विल्सनने परत फिरावयाचे ठरविले. बॉवर्स हा तिघांत सर्वांत काटक आणि उत्साही. त्याने तो निर्णय स्वीकारला आणि परतीच्या वाटेवर त्याच उत्साहाने ओढगाडी ओढली.

सौजन्याचे शब्द आणि माघारीचा निर्णय यांचा परस्परसंबंध आहे, असे मला वाटते. ज्या तुकडीत लहानसहान गोष्टींत एकमेकांचा मान राखला जातो, त्या तुकडीत मोठ्या प्रसंगी ‘नको’ म्हणणाऱ्याचाही मान राहतो. थट्टामस्करी हा मैत्रीचा प्राण आहे, हे खरे. परंतु ज्या मंडळींत दमलेल्याची थट्टा होते, तेथे दमलेला माणूस आपला दम लपवू लागतो. डोंगरात लपविलेला थकवा किती घातक असतो हे सांगणे नको.

‘परत फिरू या’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार वाटेवर नव्याने निर्माण होत नाही, तो घरून निघतानाच सर्वांना दिलेला असावा लागतो. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन आणि रॉबर्ट बेट्स यांची मैत्री हार्वर्ड विद्यापीठात असल्यापासूनची. १९३८ साली ह्यूस्टनच्या नेतृत्वाखाली काराकोरममधील के-टू या जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराची पाहणी करावयास जी तुकडी गेली, तीत हे दोघे होते. उंचावरील तळावर सर्वांनी एकत्र बसून शिल्लक अन्नाचा आणि हवामानाचा हिशेब केला आणि दोघांनीच आणखी वर जाऊन शक्य तेवढे पाहून यावे, मग सर्वांनी खाली उतरावे, असे ठरविले. ह्यूस्टन आणि पेट्झोल्ट सुमारे ७,९०० मीटरपर्यंत पोहोचले. वरच्या तंबूत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आगकाड्या अवघ्या नऊच उरल्या आहेत. आगकाडी नाही म्हणजे बर्फ वितळविता येणार नाही, आणि बर्फ वितळले नाही म्हणजे प्यावयास पाणी नाही. हवा चांगली होती आणि शिखर सातशे मीटरांवर होते. ते ठरल्याप्रमाणे परतले.

लगेच पुढच्या वर्षी, १९३९ साली, फ्रिट्झ वीसनरच्या नेतृत्वाखाली दुसरी अमेरिकन तुकडी त्याच शिखरावर गेली. या तुकडीत जुना स्नेह नव्हता आणि एकवाक्यताही नव्हती. शिखराच्या मोहाने वरची माणसे वर राहिली, खालचे तळ उठविले गेले आणि डडली वुल्फ हा सभासद वरच्या तंबूत एकटा पडला. त्याला आणावयास पासंग किकुली, पासंग कितार आणि फिन्सू हे तीन शेर्पा गेले. ते परत आले नाहीत. वुल्फही आला नाही. पासंग किकुली हा १९३८ साली ह्यूस्टनच्या तुकडीत होता. एकाच माणसाने एका वर्षी वेळेवर घेतलेली माघार पाहिली आणि दुसऱ्या वर्षी न घेतलेल्या माघारीची किंमत आपल्या प्राणांनी दिली.

येथे प्रश्नाचे एक नवे अंग पुढे येते. मित्रामित्रांनी आपल्या हौसेखातर धोका पत्करला तर तो त्यांचा प्रश्न, असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु तो कधीच केवळ त्यांचा नसतो. हिमालयात ओझी वाहणारा, सह्याद्रीत रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरणारा पायथ्याच्या वाडीतील माणूस, घरी वाट पाहणारी पत्नी, आई, मुले, ही सर्व त्या प्रवासाची न विचारलेली भागीदार असतात. मैत्रीची शपथ त्यांनी घेतलेली नसते. ‘आम्ही एकमेकांना सोडणार नाही’ या उदात्त वाक्याचा भार पुष्कळदा, ज्यांचे नावही त्या वाक्यात नाही, अशांच्या खांद्यावर पडतो. मित्राला थांबविणे हे म्हणून त्याच्याशी असलेले कर्तव्य तर आहेच. शिवाय ज्यांच्या वतीने तेथे बोलणारा दुसरा कोणी नाही, त्यांच्याशी असलेलेही कर्तव्य आहे.

तर मग सोबतीचे कर्तव्य कोठे गेले? ते गेले नाही. १९५३ साली ह्यूस्टन आणि बेट्स पुन्हा के-टूवर गेले. या वेळी त्यांनी सोबती निवडताना कीर्तीपेक्षा स्वभावाकडे अधिक लक्ष दिले होते. आठही गिर्यारोहक सुमारे ७,७०० मीटर उंचीवरील तळावर असताना वादळ सुरू झाले आणि दिवसेंदिवस थांबेना. ७ ऑगस्टला आर्ट गिल्की हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ तंबूबाहेर येताच कोसळला. त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे ह्यूस्टनने ओळखले. त्या उंचीवरून चालू न शकणाऱ्या माणसाला खाली आणणे जवळजवळ अशक्य आहे, हे प्रत्येकाला कळत होते. तरीही त्याला सोडून जाण्याचा विचार कोणी केला नाही. १० ऑगस्टला भर वादळात त्यांनी त्याला गुंडाळून दोराने खाली उतरविण्यास आरंभ केला. वाटेत जॉर्ज बेलचा पाय निसटला, दोर एकमेकांत गुंतले आणि एकामागून एक माणसे घसरू लागली. पीट शोनिंगने बर्फाच्या कुऱ्हाडीच्या आधाराने धरलेल्या एका दोराने गिल्कीसह सहा जणांना तोलले. थोड्या वेळाने, जखमींसाठी जवळच तंबू उभारून सोबती परत आले, तेव्हा उतारावर कुऱ्हाडींना बांधून ठेवलेला गिल्की तेथे नव्हता. हिमलोटाने त्याला नेले असावे. इतरांना आपल्या भाराने मरण येऊ नये म्हणून त्याने स्वतःच स्वतःला मोकळे केले असावे, असेही त्यांच्यापैकी काहींना पुढे वाटले. उरलेले सात जण जिवंत परतले.

या घटनेत साथ आणि माघार ही एकमेकांविरुद्ध नव्हती. शिखर सोडले ते मित्रासाठी. मित्राला सोडले नाही. शिखर ही गोष्ट सोडून देण्यासारखी आहे, माणूस नाही, हा क्रम त्यांच्या मनात आधीच पक्का होता. ज्या मित्रांच्या मनात हा क्रम स्पष्ट असतो, त्यांना वर सांगितलेला पेच पडत नाही. तो पडतो तो शिखर आणि मित्र यांना एकाच पारड्यात घातल्यामुळे. ‘शिखरापर्यंत साथ दिली नाही म्हणजे मित्राला सोडले’ असे मानल्यामुळे. साथ ही माणसाला द्यावयाची असते, त्याच्या बेताला नव्हे.

यावर महाभारताचा दाखला पुढे केला जाण्याचा संभव आहे. महाप्रस्थानिकपर्वात पाची पांडव व द्रौपदी हिमालयाच्या वाटेने निघतात. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर प्रत्येकाच्या पतनाचे कारण सांगतो आणि मागे न पाहता चालत राहतो. प्रवासात सोबती पडला असता न थांबणारा हा पुरुष धर्मराज म्हणविला जातो, याचा उलगडा कसा करावयाचा? मला असे दिसते की तो प्रवास परतण्यासाठी नव्हताच. राज्य परीक्षिताला दिले होते, अग्नींचे विसर्जन झाले होते, मागे कोणतेही कर्तव्य उरले नव्हते. आणि निघालेला प्रत्येक जण हे जाणून निघाला होता. असा प्रवास आयुष्यात एकदाच होतो. आपले प्रवास रविवारी रात्री घरी पोहोचण्याच्या बोलीवर केलेले असतात. शिवाय व्यासांनी युधिष्ठिराची कथा तेथे संपविलेली नाही. इंद्राचा रथ समोर आला असता, आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला टाकून त्यात बसण्याचे तो नाकारतो. आणि पुढे नरकात आपल्या भावांचे आवाज ऐकू येताच स्वर्ग सोडून तेथेच राहण्याचे ठरवितो. ज्याने पर्वतावर मागे पाहिले नाही, त्यानेच स्वर्गाच्या दारात माघार घेतली. सर्वांत उंच शिखरही सोबत्यांवाचून घेण्याजोगे नाही, असाच निर्णय त्या कथेने अखेर दिला आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारातील आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रत्येकाला ‘परत फिरू या’ म्हणण्याचा अधिकार दिला, तर सर्वांत भित्रा माणूस सर्वांचा राजा होईल. साहस म्हणून काही उरणार नाही. आणि ज्या धोक्यामुळे मित्र एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखतात, तो धोकाच नाहीसा होईल. यात तथ्य आहे. धोका अजिबात नको असेल त्याने घरी बसावे. त्यात कमीपणा नाही. म्हणून या अधिकाराबरोबर काही बंधनेही मानली पाहिजेत. हे शब्द बोलणाऱ्याने स्वतः त्याच दोरावर असले पाहिजे. पायथ्याशी बसून वरच्यांना सल्ले देणाऱ्याला तो अधिकार नाही. त्याने ते वेळेवर बोलले पाहिजेत. अंधार पडल्यावर ‘मला दुपारीच वाटत होते’ असे सांगणे हा अधिकार नसून गाऱ्हाणे होय. त्याने कारण सांगितले पाहिजे, आणि ते कारण दिवसाचे, पाण्याचे, हवेचे किंवा देहाचे असले पाहिजे, केवळ मनाच्या उदासीचे नव्हे. या अटी पाळून कोणी बोलला, तर मात्र बहुमत घेऊ नये. तिघांनी मिळून चौथ्याच्या गुडघ्याविषयी मतदान करणे यापरते हास्यास्पद दुसरे काही नाही.

ऐकणाऱ्यावरही बंधने आहेत, आणि ती अधिक अवघड आहेत. परतल्यावर घरच्या बैठकीत ‘याच्यामुळे राहिले, नाहीतर पोहोचलोच होतो’ असे एकदा जरी तो हसत हसत म्हणाला, तरी पुढच्या वेळेसाठी सर्वांची तोंडे बंद होतात. त्या एका विनोदाची किंमत पुढच्या प्रवासात कोणीतरी देईल. बॉवर्सचे मोठेपण मला येथे दिसते: जावयाची इच्छा असून परतला, आणि परतताना विल्सनला ते जाणवूही दिले नाही. धैर्याच्या कथा आपण मुलांना पुष्कळ सांगतो. असल्या धैर्याच्या कथाही सांगावयास हव्यात.

जसजसे वय वाढते तसतसा हा अधिकार दुर्मिळ होत जातो. तारुण्यात आपल्याला थांबविणारे पुष्कळ असतात: आई-वडील, शिक्षक, शेजारी. उतारवयात ते सर्व निघून जातात. मुले बोलतात, पण मुलांचे आपण ऐकत नाही, आणि डॉक्टर बोलतो ते त्याचे कामच म्हणून. तेव्हा आपल्याला आपली पहिली कुवत आणि आजची कुवत या दोन्ही ठाऊक असलेला, आणि ‘अरे, आता पुरे’ असे म्हणाला तरी ज्याचा राग येऊ नये असा, एक जुना मित्रच उरतो. शिप्टन १९७७ च्या मार्चमध्ये मरण पावला. त्याच वर्षी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, टिलमन एका तरुण नावाड्याच्या मोहिमेत सामील होऊन दक्षिण अटलांटिक महासागरात गेला आणि रिओ दि जानेरोहून निघालेली ती नौका सर्व माणसांसह नाहीशी झाली. शिप्टन असता तर त्याने टिलमनला अडविले असते असे म्हणण्यास काही आधार नाही; टिलमन कोणाचे ऐकणारा होता असेही नाही. पण अशा माणसाला अडवू शकणारी माणसे जगात एक-दोनच असतात, आणि ती एकेक करून कमी होत जातात, एवढे मात्र त्या वर्षाच्या या दोन नोंदींवरून मनात आल्यावाचून राहत नाही.

म्हणून जुन्या मित्रांबरोबर साहसाला निघावे किंवा नाही, असा प्रश्न विचारला तर उत्तर ‘अवश्य निघावे’ असेच आहे. अनोळखी माणसे आपल्या पायांचा वेग पाहतात. जुना मित्र आपला बदललेला वेग पाहू शकतो. मात्र पाठपिशवी भरताना दोर, विजेरी आणि पाणी यांची जशी आठवण ठेवितो, तशी आणखी एका गोष्टीची ठेवावी. निघण्यापूर्वी, स्टेशनवर किंवा गाडीत बसल्यावर, एकमेकांना स्पष्ट शब्दांत सांगावे की आपल्यापैकी कोणीही ‘फिरू या’ म्हणाला तर आपण सर्व फिरू, आणि त्याबद्दल पुढे कोणी काही बोलणार नाही. हे बोलण्यास अर्धे मिनिट पुरते. इतक्या वर्षांच्या स्नेहात असे ठरविण्याची काय गरज, असे वाटून आपण ते टाळतो. नळीच्या वाटेवर दुपारी तीन वाजता ते नव्याने ठरविता येत नाही.